अकरावं नाव

कार्डावरची दहा नावं खरी असतात.
अकरावं आम्ही घालतो, ऑफिसात, चहा पिता पिता.
लोक ऐकून उत्तर देतात की नुसतीच मान हलवतात
हे कळावं म्हणून.
या खेपेला ते मी सुचवलं: पांतेलेइ प्रिसाकारू.
प्रिसाकारू म्हणजे मधमाश्या पाळणारा.
टाइप करता करता व्लादलेनाने विचारलं, पद काय घालू?
म्हटलं, उपमंत्री घाल.
उपमंत्री कुणाच्या लक्षात राहतात?

ऑक्टोबर. ओर्हेइच्या पलीकडची गावं.
नियम साधा: शाळेपासून उजवीकडे वळायचं,
दर तिसरं दार वाजवायचं.
घरात ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला
त्यालाच विचारायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं.
बाकीचे गप्प राहत नाहीत.

अंगणाअंगणात द्राक्षांचा रस फसफसतोय,
पिंपांवर फडकी, फडक्यांवर गांधीलमाश्या.
ओले अक्रोड सोलून बायकांची बोटं काळी झालेली.
त्या बोटांत मी कार्ड देते.
पूर्ण विश्वास, थोडाफार, फारसा नाही, मुळीच नाही,
किंवा, या माणसाला ओळखत नाही.

पहिलं नाव. मुळीच नाही.
दुसरं. त्याची सासू खालच्या आळीतली, मुळीच नाही.
तिसऱ्या नावाला प्रोफिराबाई हसत सुटल्या,
डोळे पुसत पाणी प्यायला उठल्या.
हसण्यासाठी चौकट नाही.
मी "मुळीच नाही"वर खूण केली, मग खोडली,
मग पुन्हा केली.

प्रिसाकारूपाशी येऊन त्या थांबल्या.
"हा बरा आहे."
का, असं विचारायची आम्हाला परवानगी नाही.
मी पेन धरून बसले. त्यांनीच सांगितलं:
"टीव्हीवर दिसत नाही. म्हणजे काम करत असणार."

पुढच्या गल्लीत इलारिओन, निवृत्त बसचालक,
एक पाय प्लॅस्टरमध्ये, प्लॅस्टरवर नातवाने काढलेला ट्रॅक्टर.
"प्रिसाकारू? आमचा पूल त्यानेच करून दिला."
सकाळी मी त्याच पुलावरून आले होते.
इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या या गावच्या मुलींनी
पैसे पाठवून बांधलेला पूल.
त्यांच्या नावांची पितळी पाटी होती म्हणे,
कुणीतरी भंगारात विकली. स्क्रूची चार भोकं उरलीत.
मी "पूर्ण विश्वास"वर खूण केली.

किशिनाऊला बेरीज झाली.
गृहमंत्री नऊ टक्के. अर्थमंत्री अकरा.
पांतेलेइ प्रिसाकारू, एकवीस.
ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात,
जन्माला न येता माणूस इतका वर गेला.
साहेब म्हणाले, ही ओळ छापायची नसते,
बाकीच्या आकड्यांतून किती वजा करायचं ते तिच्यावरून ठरतं.
व्लादलेनाने ओळ राखाडी केली.
मग ती दिसेना.

नोव्हेंबरात फेरतपासणी.
दहातल्या एका घरी परत जायचं, विचारायचं,
आमचं माणूस खरंच आलं होतं का?
माणूस मीच होते, पण फॉर्म तो फॉर्म.
इलारिओनचं प्लॅस्टर निघालेलं, काठी आलेली.
"आली होतीस की. विसरलीस?"
रसाची आता वाइन झाली होती. त्यांनी पेला भरला,
अंगणाच्या फाटकापर्यंत सोबत आले,
आणि तिथं, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले,
"त्यांना भेटशील ना तू, प्रिसाकारूंना?
सांग, शाळेचा बॉयलर गेल्या मार्चपासून बंद आहे.
मुलं कोट घालून लिहितात.
बाकी काही मागत नाही."

मला हो म्हणायचं नव्हतं.
फॉर्मच्या पाठीमागे "इतर" लिहिलेल्या दोन रेघा असतात,
त्या कुणी वाचत नाही.
त्यांच्यासमोर उभी राहून मी लिहिलं:
बॉयलर. मार्चपासून.
ते वाकून बघत होते,
अक्षर नीट येतंय ना म्हणून.